परदेशी डेटा कायद्यातून आपल्या कायद्यात काय आणायचं आणि कसं: दुरुस्तीचा मसुदा लिहिणाऱ्यांसाठी

युरोपचा डेटा संरक्षण कायदा, म्हणजे जीडीपीआर, 25 मे 2018 रोजी लागू झाला आणि तेव्हापासून जगभरचे कायदे त्याच्याकडे बघून लिहिले जातायत. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, म्हणजे डीपीडीपी, 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींच्या मंजुरीने आला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि बहुतेक तरतुदी मे 2027 पासून लागू व्हायच्या आहेत. मधल्या काळात प्रत्येक परिसंवादात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "युरोपसारखा कायदा करा." टाळ्या पडतात, पण दिल्लीतल्या फाइलीत त्याचं काहीच होत नाही. कुठल्या कलमाच्या जागी नेमकं कुठलं वाक्य हवं आणि ते पाळलं नाही तर माणसाने कोणाच्या दारात जायचं, हे त्या सूचनेत नसतंच.

वकील, कायद्याचे विद्यार्थी, माहिती अधिकार कार्यकर्ते, ग्राहक संघटनांतली मंडळी आणि खासदारांसाठी टिपणं काढणारे यांना डोळ्यापुढे ठेवून ही पद्धत लिहिली आहे. माझं म्हणणं एवढंच, की बाहेरून हक्काचं कलम एकटं आणू नये. ते ज्या मंचावर, म्हणजे कोर्टात किंवा आयोगात, चालतं तो मंच, पुराव्याची जबाबदारी कोणावर ते आणि त्याचे अपवाद, हे सगळं सोबत आणावं लागतं. नाहीतर कायद्यात वाक्य वाढतं, पण तक्रारदाराच्या हाती काही लागत नाही.

पायरी 1: आधी तक्रार लिहा

परदेशी कायदा उघडण्याआधी कागदावर एका माणसाची तक्रार लिहून काढा. काल्पनिक चालेल, पण नेमकी हवी. उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबने रिपोर्ट ऑनलाइन द्यायला सुरुवात केली. लिंकच्या शेवटी एक क्रमांक आहे. तो एकाने वाढवला की पुढच्या पेशंटचा रिपोर्ट उघडतो. एका बाईंचा एचआयव्हीचा रिपोर्ट अशा रीतीने नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला.

आता ही तक्रार डीपीडीपीच्या वाटेने चालवून बघा. कलम 8 प्रमाणे लॅबने वाजवी सुरक्षा ठेवायला हवी होती. बाईंनी आधी लॅबकडेच तक्रार करायची. नियमांनुसार तिथे जास्तीत जास्त 90 दिवस जाऊ शकतात. मग डेटा संरक्षण मंडळ, म्हणजे या कायद्याखाली तक्रारी ऐकून दंड करणारी संस्था. मंडळाने ठरवलं तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. आकडा जबरदस्त आहे. पण कलम 34 सांगतं की दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होणार. बाईंना एक रुपया मिळणार नाही. दिवाणी कोर्टात जावं म्हटलं तर मंडळाच्या अखत्यारीतल्या विषयांत कलम 39 दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद करतं.

यापूर्वी निदान एक फट होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ सांगायचं की संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली, तर ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायची. ती ठरवायचा अधिकार राज्याच्या आयटी सचिवांना होता, 5 कोटींपर्यंत. हे कलम नुसतं शोभेचं नव्हतं. 2013 मध्ये महाराष्ट्राच्या आयटी सचिवांनी पुण्यातल्या एका वाहन-सुटेभाग कंपनीला, खात्यातून फिशिंगने पैसे गेल्याच्या प्रकरणात, बँकेने 45 लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला होता. डीपीडीपीच्या कलम 44(2) ने हे 43अ गाळून टाकलंय. ते गाळणं मे 2027 मध्ये अमलात येईल.

म्हणजे आपल्याला हवंय ते "मजबूत कायदा" वगैरे नाही, भरपाईचं कलम हवंय. तक्रार अशी चालवून बघितली की मागणी आपोआप एका वाक्यावर येते, आणि असंच वाक्य मंत्रालयातला अधिकारी वाचतो.

पायरी 2: दुरुस्ती कुठल्या पातळीवर, ते ठरवा

आपल्याकडे चार थर आहेत: संविधान, कायदा, नियम आणि राज्याचे शासन निर्णय. प्रत्येक गोष्टीसाठी संसदेत जायची गरज नसते. तक्रारीची मुदत 90 दिवसांवरून 30 वर आणायची असेल तर नियम बदलला की झालं. भरपाई हवी असेल तर कायदाच बदलावा लागेल, कारण नियम कायद्याच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. आणि राज्य सरकारच्या एखाद्या योजनेने अर्जदारांचा डेटा गोळा करण्याआधी जोखीम तपासावी असं वाटत असेल, तर मंत्रालयातून निघालेला एक जीआर पुरतो. हा शेवटचा मार्ग लोक विसरतात. दिल्लीला पत्रं पाठवत बसतात आणि मुंबईत सहज होण्यासारखं काम राहून जातं.

सगळ्यात वरचा थर आपल्याकडे भक्कम आहे. 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. सरकारने त्यात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटी तिथूनच पक्की झाली. युरोपच्या कलम 23 मध्ये जवळपास हेच लिहिलंय. मसुद्यात मात्र आधार पुट्टस्वामीचा द्या. "ब्रुसेल्समध्ये असं आहे" यापेक्षा "आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असं सांगितलंय" हे संसदीय समितीला पटतं, आणि पुढे कोर्टात टिकतं तेही तेच.

पायरी 3: कोणाकडून घ्यायचं

सवयीने सगळे जीडीपीआर उघडतात. 99 कलमं आणि त्यांच्या आधी 173 परिच्छेदांची प्रस्तावना. ती वाचा, पण त्याच्या मागे युरोपियन न्यायालय, प्रत्येक देशाची नियामक संस्था आणि 1995 च्या निर्देशापासूनचा अनुभव उभा आहे हे लक्षात ठेवा. तो डोलारा आपल्याकडे नाही. म्हणून ज्या देशांनी स्वतः उसनवारी केली त्यांच्याकडे बघणं जास्त उपयोगाचं. त्यांनी काय सोडलं, काय वाकवलं आणि कुठे अडले, ते तिथे उघड दिसतं.

ब्राझीलचा डेटा कायदा, एलजीपीडी, ऑगस्ट 2018 मध्ये आला. दंड त्यांनी जागतिक उलाढालीवर न लावता ब्राझीलमधल्या उलाढालीच्या 2 टक्के आणि प्रत्येक उल्लंघनाला 5 कोटी रेआल अशा मर्यादेत बसवला. डेटा वापरायला युरोपात सहा कायदेशीर आधार आहेत, ब्राझीलमध्ये दहा. त्यातला एक खास पतसंरक्षणासाठी, कारण त्यांच्या बाजाराची ती गरज होती. नियामक संस्थेची मात्र फरफट झाली. राष्ट्राध्यक्षांनी ती तरतूद आधी नाकारली, मग संस्था आणली ती स्वतःच्याच कार्यालयाखाली, आणि 2022 मध्ये कुठे ती स्वायत्त झाली.

दक्षिण कोरियाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. त्यांचा कायदा 2011 चा, कलमं कडक, पण अधिकार वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले. युरोपबरोबर डेटाची देवाणघेवाण मोकळी करण्याची बोलणी नियामक पुरेसा स्वतंत्र नाही या मुद्द्यावर अडली. 2020 च्या दुरुस्तीने त्यांनी आपल्या आयोगाला केंद्रीय प्रशासकीय संस्थेचा दर्जा आणि एकवटलेले अधिकार दिले. डिसेंबर 2021 मध्ये युरोपची मान्यता मिळाली. आपल्या आयटी उद्योगाला, म्हणजे हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांना, हा मुद्दा लगेच कळतो. नियामकाच्या स्वातंत्र्याची मागणी करताना नागरी हक्कांबरोबर हा व्यापारी युक्तिवादही जोडा. सरकारमध्ये ऐकणारे कान वाढतात.

आणि एक खजिना घरातच पडून आहे. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै 2018 मध्ये अहवालाबरोबर जो मसुदा दिला, त्यात जीडीपीआरमधल्या बऱ्याच गोष्टी भारतीय कायद्याच्या भाषेत आधीच उतरवल्या होत्या. भरपाईचं कलम 75 मध्ये होतं. सुरक्षेच्या नावाखाली सूट द्यायची तर त्यासाठी कायदा हवा आणि ती आवश्यक व प्रमाणशीर हवी, असं कलम 42 मध्ये. नियामक निवडणाऱ्या समितीवर सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती होते. 2019 च्या विधेयकात न्यायमूर्ती गेले आणि सचिव आले. ऑगस्ट 2022 मध्ये ते विधेयकही मागे घेतलं गेलं. परदेशी कलमाचं भाषांतर करत बसण्याआधी हा 2018 चा मसुदा काढून शेजारी ठेवा. "हे परकीय आहे" हा आक्षेप तिथेच संपतो.

परकीय कायदा मुळात परका राहतोच असंही नाही. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आजही चालते. 1880 मध्ये तिथल्या हिंदूंच्या रूढींसाठी वेगळी संहिता काढावी लागली, तेव्हा ती बसली.

पायरी 4: कलम उचलताना त्याच्या मागे काय आहे ते काढा

आता भरपाईकडे परत. जीडीपीआरचं कलम 82 सांगतं की उल्लंघनामुळे आर्थिक किंवा आर्थिकेतर नुकसान झालेल्या कोणालाही भरपाईचा हक्क आहे. बहुतेक मसुदे हे एक वाक्य घेतात आणि थांबतात. त्याच कलमाचं तिसरं उपकलम बघा: घटनेसाठी आपण कुठल्याही प्रकारे जबाबदार नाही हे संस्थेने सिद्ध करायचं. कलम 79 कोर्टात जायचा हक्क देतं. कलम 80 ना-नफा संस्थेला पीडितांच्या वतीने उभं राहू देतं. चारही मिळून एक यंत्र होतं, सुटे भाग निरुपयोगी.

मग निकाल वाचा. नुसतं कलम वाचून मसुदा लिहिणं म्हणजे दहा वर्षं मागचा कायदा आणणं. 4 मे 2023 रोजी ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीच्या प्रकरणात युरोपियन न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. नियम मोडला एवढ्यावर भरपाई मिळत नाही, नुकसान दाखवावं लागतं. पण ते नुकसान "गंभीर"च असावं अशी अटही घालता येत नाही. त्याच वर्षी 14 डिसेंबरला बल्गेरियाच्या महसूल यंत्रणेचा डेटा हॅक झाल्याच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, की डेटाचा गैरवापर होईल ही भीतीसुद्धा आर्थिकेतर नुकसान ठरू शकते आणि सुरक्षा योग्य होती हे दाखवण्याचा भार संस्थेवरच आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये फेसबुकवरून उचललेल्या डेटाच्या खटल्यात डेटावरचा ताबा सुटणं हेच नुकसान मानलं आणि सुमारे 100 युरोची रक्कम सुचवली.

नाशिकच्या आपल्या बाईंना लागतं ते नेमकं इथे आहे. त्यांचे पैसे गेलेले नाहीत. गेली ती अब्रू आणि झोप. आपल्या मसुद्यात "आर्थिकेतर" हा शब्द नसेल तर त्यांच्यासाठी तो मसुदा कोरा कागदच.

पायरी 5: मंच आपला शोधा

युरोपातलं कोर्ट आपल्याकडे नाही, आणि आपल्या दिवाणी कोर्टात खटला टाकून नातवाच्या लग्नापर्यंत वाट बघायची तयारी कोणाची नसते. डेटा संरक्षण मंडळ दंडासाठी रचलंय. प्रत्येकाचं नुकसान मोजत बसणं त्याला झेपणार नाही. मग कुठे जायचं?

माझ्या मते जिल्हा ग्राहक आयोगात. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात तो आहे, वकील नसला तरी चालतो, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात समूहाच्या तक्रारीची सोय आधीच आहे. कलम 35 प्रमाणे एकसारखं हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकजण तक्रार करू शकतो, आणि ग्राहक संघटनाही करू शकते. म्हणजे युरोपच्या कलम 80 चं काम करणारी तरतूद आपल्याकडे दुसऱ्या कायद्यात तयार आहे, आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, 1975 पासून हेच काम करणाऱ्या संस्थाही आहेत. आयोगांतल्या रिकाम्या जागा आणि तुंबलेल्या तारखा मला ठाऊक आहेत. तरीही नव्या न्यायाधिकरणाची मागणी करण्यापेक्षा हे बरं. नवं न्यायाधिकरण म्हटलं की इमारत, पदभरती आणि अध्यक्षांची नेमणूक यातच पाच वर्षं जातात.

एक अडचण उरते. सरकारी रेशन दुकान किंवा अनुदान योजना ही मोबदला देऊन घेतलेली सेवा नाही, त्यामुळे तिथला माणूस ग्राहक ठरत नाही. मसुद्यात त्याची वेगळी सोय करावी लागते. तर मसुदा साधारण असा दिसेल:

"कलम 33अ. (1) डेटा फिड्युशिअरीने या अधिनियमाचे किंवा त्याखालील नियमांचे उल्लंघन केल्यामुळे ज्या डेटा प्रिन्सिपलचे आर्थिक किंवा आर्थिकेतर नुकसान झाले असेल, तो अशा डेटा फिड्युशिअरीकडून भरपाई मिळण्यास हक्कदार असेल.

(2) वाजवी सुरक्षा उपाय योजले होते, हे सिद्ध करण्याचा भार डेटा फिड्युशिअरीवर असेल.

(3) कलम 39 मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी, अशा भरपाईसाठीचा अर्ज, डेटा प्रिन्सिपल जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करता येईल. आणि या कलमाच्या प्रयोजनार्थ, डेटा फिड्युशिअरी शासकीय संस्था असली तरी आणि सेवेसाठी मोबदला दिलेला नसला तरी, डेटा प्रिन्सिपल हा ग्राहक असल्याचे मानण्यात येईल.

(4) मंडळापुढे कार्यवाही प्रलंबित असणे हे अशा अर्जास बाधक असणार नाही."

डेटा प्रिन्सिपल म्हणजे ज्याचा डेटा आहे तो माणूस आणि डेटा फिड्युशिअरी म्हणजे तो डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणारी संस्था. आपल्या कायद्याचेच शब्द वापरा. युरोपचा "कंट्रोलर" मसुद्यात शिरला की विधी खात्यातला पहिला शेरा त्यावरच येतो. आणि "कलम 39 मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी" हा तुकडा विसरलात, तर बाकीचा मसुदा कितीही सुंदर असो, पहिल्याच सुनावणीत समोरचा वकील तो उडवून लावेल.

पायरी 6: सरकारला लागू होतं का, ते तपासा

उसन्या आणलेल्या कायद्यांची खरी परीक्षा इथे होते. डीपीडीपीच्या कलम 17(2) प्रमाणे केंद्र सरकार देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कुठल्याही सरकारी संस्थेला अधिसूचनेने कायद्यातून बाहेर काढू शकतं. प्रमाणशीरपणाची अट त्यात लिहिलेली नाही. मंडळाचे अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमतं. नियमांनुसार निवड समितीचं अध्यक्षपद अध्यक्षांसाठी कॅबिनेट सचिवांकडे आणि सदस्यांसाठी खात्याच्या सचिवांकडे. मुदत दोन वर्षं, पुन्हा नेमणूक शक्य. कलम 28 म्हणतं की मंडळ स्वतंत्रपणे काम करेल. पण दोन वर्षांनी ज्याच्याकडून मुदतवाढ हवी, त्याच्याच विरुद्ध निकाल द्यायचा, हे माणसाच्या स्वभावाला धरून नाही.

जीडीपीआरच्या कलम 54 मध्ये नियामकाची मुदत किमान चार वर्षं ठेवली आहे. स्वातंत्र्य कसं मोडतं याचे निकालही युरोपात आहेत. ऑस्ट्रियात आयोगाचं कार्यालय चॅन्सेलरच्या खात्यात होतं आणि कारभार बघणारा सदस्य सरकारी वरिष्ठांच्या देखरेखीखाली होता. 2012 मध्ये न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. हंगेरीने जुन्या आयुक्तांची मुदत संपण्याआधीच पद रद्द करून नवी संस्था आणली. 2014 मध्ये तेही बेकायदा ठरलं. या दोन निकालांवरून आपल्याला तीन मागण्या मिळतात: मुदत पाच वर्षं आणि फेरनेमणूक नाही, निवड समितीत न्यायमूर्ती आणि विरोधी पक्षनेते, आणि मंडळाचा कर्मचारीवर्ग व खर्च खात्याच्या मेहेरबानीवर नाही. यातली निवड समितीची रचना नियमांत बदलता येईल. मुदतीसाठी कायदा बदलावा लागेल.

या पायरीवर मला सर्वांत आवडतं ते केनियाचं प्रकरण. केनियाने 2019 मध्ये डेटा संरक्षण कायदा केला आणि जीडीपीआरच्या कलम 35 वरून कलम 31 आणलं: लोकांच्या हक्कांना मोठी जोखीम असेल तर काम सुरू करण्याआधी परिणाम-मूल्यांकन करा. हे कलम त्यांनी सरकारलाही लागू ठेवलं. सरकारने हुडुमा नंबा या राष्ट्रीय ओळख योजनेची कार्डं वाटायला सुरुवात केली. 14 ऑक्टोबर 2021 रोजी उच्च न्यायालयाने ते वाटप अवैध ठरवलं, कारण मूल्यांकन झालंच नव्हतं. उसनं आणलेलं एक कलम, आणि त्याने सरकारची सर्वांत मोठी डेटा योजना थांबवली.

आपल्याकडे परिणाम-मूल्यांकन आहे, पण दोन ठिकाणी पातळ केलेलं. ते फक्त सरकारने "सिग्निफिकंट", म्हणजे महत्त्वाच्या, ठरवलेल्या डेटा फिड्युशिअरींना लागू आहे, आणि नियमांनुसार ते दर बारा महिन्यांनी करायचं आहे. युरोप आणि केनिया "आधी" म्हणतात. योजना सुरू होऊन लाखो अर्ज भरून झाल्यावर जोखीम मोजून काय उपयोग? दुरुस्ती छोटी आहे: "प्रक्रिया सुरू करण्यापूर्वी" हे तीन शब्द, आणि शासकीय योजनांचा स्पष्ट उल्लेख. दिल्ली तयार होत नसेल तर पायरी 2 मधला जीआरचा मार्ग महाराष्ट्र आणि गोवा दोघांनाही मोकळा आहे.

पायरी 7: अपवाद सोडून येऊ नका

डेटा संरक्षणाचा कायदा लपवाछपवीचं हत्यार होऊ शकतो. रोमानियात नोव्हेंबर 2018 मध्ये एका भ्रष्टाचार प्रकरणावर लिहिणाऱ्या शोधपत्रकारांच्या संस्थेला तिथल्या नियामकाने जीडीपीआरचा हवाला देऊन माहिती कुठून मिळाली ते विचारलं आणि 2 कोटी युरोपर्यंतच्या दंडाची आठवण करून दिली. जीडीपीआरमध्ये पत्रकारितेसाठी कलम 85 आणि सरकारी कागदपत्रांच्या खुलेपणासाठी कलम 86 असूनही हे झालं. आपल्याकडे तर पत्रकारितेची सूट 2018 आणि 2019 च्या मसुद्यांत होती, 2023 च्या कायद्यात ती नाहीच.

माहिती अधिकाराचं काय झालं ते महाराष्ट्राने विशेष बघायला हवं. 2005 च्या केंद्रीय कायद्याआधी 2002 मध्ये आपल्या राज्याने स्वतःचा कायदा केला होता. त्या केंद्रीय कायद्याच्या कलम 8(1)(j) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या: सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसावा किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण व्हावं. शिवाय, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुक होतं. डीपीडीपीच्या कलम 44(3) ने हे सगळं काढून "वैयक्तिक माहिती" एवढंच ठेवलं, आणि गंमत म्हणजे नागरिकांचे हक्क 2027 पर्यंत थांबलेले असताना हा बदल नोव्हेंबर 2025 पासूनच लागू झाला. रोजगार हमीच्या हजेरीपटावर नावं असतात. कंत्राटदाराच्या बिलावर नाव असतं. नाव म्हटलं की वैयक्तिक माहिती.

काही जण म्हणतील, कलम 8(2) मधला सार्वजनिक हिताचा मार्ग शिल्लक आहे. आहे, पण तिथे माहिती देणं हे अधिकाऱ्याच्या मूल्यमापनावर सोडलंय, आणि तालुक्याच्या कचेरीतला जनमाहिती अधिकारी स्वतःहून ती जोखीम घेताना मी तरी फार पाहिलेला नाही. मसुद्यात इथे नवं काही रचायची गरज नाही. "कलम 44 चे पोटकलम (3) वगळण्यात येईल" एवढं वाक्य, आणि जुन्या मजकुराची पुनःस्थापना. सोबत जीडीपीआरच्या कलम 85 धर्तीवर पत्रकारितेची सूट कलम 17 मध्ये.

पायरी 8: काय आणायचं नाही

इथे थोडक्यात. कुकीजच्या संमतीच्या चौकटी नकोत, युरोपातही लोक न वाचता बटण दाबतात. डेटा गळतीची सूचना प्रत्येक बाधित माणसाला द्यायची, हे आपल्या कायद्यात आहे. युरोपात ती जोखीम मोठी असेल तरच द्यावी लागते, त्यामुळे "युरोपच्या धर्तीवर" म्हणत ते सौम्य करू देऊ नका. मृत्यूनंतरसाठी नॉमिनी नेमायचा हक्क आणि सूचना आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळण्याची सोय या आपल्या गोष्टी आहेत, त्या जपा. उलट कलम 15 मधली नागरिकांची कर्तव्यं आणि ती मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंतचा दंड, याला जीडीपीआरमध्ये जोड नाही. ते काढायची मागणी करा.

पायरी 9: पाठवायचं कसं

तीन रकाने करा: सध्याचा मजकूर, प्रस्तावित मजकूर, कारण. कारणाच्या रकान्यात आधी तुमची तक्रार दोन ओळींत, मग पुट्टस्वामी किंवा 2018 चा मसुदा, आणि शेवटी परदेशी कलम व त्यावरचा निकाल. हा क्रम उलटा करू नका. एका पानावर एकच दुरुस्ती. वीस पानी निबंध पाठवला तर त्याचा सारांश दुसरंच कोणीतरी करतं, आणि त्याला सोयीचा करतं.

कुठे पाठवायचं? नियमांतल्या बदलासाठी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. 2025 च्या मसुदा नियमांवर सूचना मायगव्ह पोर्टलवर मागवल्या होत्या, पण आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत असंही तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून आपली सूचना आपणच प्रसिद्ध करा आणि पोच जपून ठेवा. नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे 30 दिवस ठेवले जातात आणि तिथे बदल होऊ शकतो, तेव्हा खासदाराला त्याच काळात गाठा. कायद्यातल्या बदलासाठी माहिती तंत्रज्ञानाची संसदीय स्थायी समिती, याचिका समिती आणि खासगी सदस्य विधेयक हे रस्ते आहेत. खासगी विधेयक मंजूर होईल या भ्रमात राहू नका. स्वातंत्र्यापासून अशी 14 विधेयकंच कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. पण मांडलेलं विधेयक छापलं जातं, त्याला क्रमांक मिळतो, आणि पुढच्या सरकारी दुरुस्तीच्या वेळी समितीपुढे ठेवायला तयार मजकूर हाती असतो.

जीआरसाठी मात्र विधेयक नको, समितीही नको. ज्या विभागाची योजना आहे त्याच्या सचिवांना पत्र, प्रत मुख्य सचिवांना आणि माहिती तंत्रज्ञान विभागाला, सोबत केनियाच्या निकालाची दोन पानं आणि जीआरचा तयार मसुदा. मसुदा मराठीत द्या, युनिकोडमध्ये टाइप केलेला, म्हणजे तिथल्या कक्ष अधिकाऱ्याला तो उचलून टिप्पणीत डकवता येतो.